वर्षाला १ लाख ८० हजार उत्पन्न आणि बहिणीला सीईटीत ९५ पर्सेंटाइल, लांबची कॉलेजं फॉर्मात टाकू का नको?

बार्शीचा_दादा

नमस्कार, इथं बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. धाकट्या बहिणीला एमएचटी-सीईटीत पीसीएम ग्रुपला ९५.३ पर्सेंटाइल पडलेत. क्लास लावला नव्हता, माझ्या मित्राच्या बहिणीची जुनी गाईडं आणि यूट्यूब एवढ्यावरच अभ्यास केला तिनं. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई घरी शिवणकाम करते, दोन एकर कोरडवाहू आहे त्यात तूर आली तर आली. मी आयटीआय करून मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात आहे. सगळ्यांचं मिळून वर्षाचं १ लाख ८० हजार असं मागच्या दाखल्यावर लागलंय. जात ओपनमध्ये येते, ओबीसी नाही एसईबीसी पण नाही.

आता मूळ गोष्ट. तिनं वहीत इंजिनिअरिंगच्या १६ कॉलेजांची यादी केली होती, कराड सांगली पुणे नांदेड सगळं, शेजारी ब्रँच आणि मागच्या वर्षीचा कटऑफ पण लिहिलेला. परवा रात्री वडील जेवताना एवढंच म्हणले की बघ बाई जवळचं मिळालं तर बरं होईल, खर्च झेपला पाहिजे. काल सकाळी मी वही बघितली तर १६ मधली १३ नावं खोडलेली. गिचमिड खोडलेली नाहीत हो, प्रत्येक नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारलीय तिनं. राहिली ती तीन, तिन्ही घरून जाऊन येऊन करता येतील अशी. विचारलं तर म्हणते दादा मला तशीही ती नको होती. मला माहितीये तिला काय हवंय ते.

तर विचारायचं असं की ॲडमिशन देताना घरचं उत्पन्न बघतात का, म्हणजे गरीब दिसलं की हे फी भरणार नाहीत म्हणून मागं टाकतात असं काही असतं का. दुसरं, मुलींना फी माफ झाली म्हणतात ते आम्हाला लागू होतं का आणि आधी भरावी लागते का. तिसरं, ईडब्ल्यूएसचा म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढायचाय पण गावात कुणी म्हणतं जमीन असली की मिळत नाही. कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर सांगा, फॉर्म भरायला दिवस थोडे राहिलेत.

सेतूवाला

भावा आधी ते डोक्यातनं काढ की गरीब बघून मागं टाकतात. कॅप राऊंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, सीट कॉम्प्युटर देतो, मेरिट नंबर, कॅटेगरी आणि तू भरलेला पर्यायांचा क्रम एवढंच बघतो, कॉलेजवाल्याच्या हातात तिथं काही नसतं. उत्पन्नाचा उपयोग उलट्या बाजूनं होतो, कमी असेल तर दारं जास्त उघडतात. पण ती दारं दाखल्यावर उघडतात, नुसतं गरीब असून उघडत नाहीत. सेतू केंद्रावर दहा वर्षं काढली मी, हुशार पोरांच्या सीटा कागदापायी गेलेल्या डोळ्यानं बघितल्यात म्हणून जरा तपशिलात सांगतो.

ईडब्ल्यूएस म्हणजे २०१९ ला घटनादुरुस्ती होऊन आलेलं १० टक्के आरक्षण. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे, त्यात पगार शेती धंदा सगळंच धरतात. जमिनीचं जे गावात सांगतायत ते अर्धवट ऐकलेलं आहे, पाच एकराची अट केंद्राच्या दाखल्याला आहे आणि तुमची तर दोनच एकर आहे, म्हणजे केंद्राचा काढला तरी अडत नाही. पण लक्षात ठेव, केंद्राचा नमुना वेगळा आणि राज्याचा वेगळा. सीईटी सेलला, म्हणजे हे प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या ऑफिसला, राज्याचा लागतो. चुकीचा नमुना घेऊन आलेली पोरं दरवर्षी बघतो, दाखला हातात आहे आणि तरी ओपनमध्ये ढकललेली.

सगळ्यात जास्त अडतं कुठं माहितीये का, १३ ऑक्टोबर १९६७ ला. त्या तारखेला किंवा त्याच्या आधीपासून तुमचं घराणं महाराष्ट्रात राहतंय याचा पुरावा मागतात. लोकं आजचं रेशनकार्ड घेऊन येतात, ते चालत नाही. आजोबांचा शाळेचा दाखला, जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जुना सातबारा, फेरफार, खरेदीखत यातलं काहीतरी शोधा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचं बघा आणि नातं दाखवायला वंशावळ जोडा.

उत्पन्नाचा दाखला वेगळा काढायचा, मागच्याचा भरोसा धरू नको, त्याची मुदत ३१ मार्चला संपते. हमालीला फॉर्म १६ नसतो म्हणून तलाठ्याचा चौकशी अहवाल लागेल (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण आम्ही तलाठीच म्हणतो). आणि आधार, दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला यावर बहिणीचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आजच बघ. एका पोरीच्या वडिलांचं नाव एका कागदावर दत्तात्रय आणि दुसऱ्यावर दत्तात्रेय होतं, एका मात्रेपायी तिचे आठ दिवस गेले.

नोंदणी करताना दाखला हातात नसला तर अर्जाची पावती लावून पुढं जाता येतं, पण ठरलेल्या तारखेच्या आत मूळ दाखला अपलोड झाला नाही तर सरळ ओपनमध्ये टाकतात. ती तारीख दरवर्षी माहितीपुस्तिकेत छापून येते, मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेव. आणि उद्या सकाळी दुकानातनं सुट्टी काढून तहसीलला जा, या दिवसात तिथं ढीग लागलेला असतो.

तिसरं_वर्ष_ईटीसी

दादा, तुमच्या बहिणीची वही वाचून अंगावर काटा आला कारण मी पण अगदी हेच केलं होतं, फक्त मी खोडलं नव्हतं, आधी लिहिलंच नव्हतं. मी ईडब्ल्यूएस मधूनच आहे, वडील रसवंती चालवतात आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात जातात. सध्या एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे.

मुलींच्या फीचं सांगते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅपमधूनच झालेलं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की मिळत नाही. अभिमत विद्यापीठ आणि खाजगी विद्यापीठ पण यात येत नाही, ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि जाहिरात बघून लोकं तिकडं ॲडमिशन घेऊन बसतात. मुलगा असता तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी ट्यूशन फी मिळाली असती, मुलीला पूर्ण आहे. म्हणजे ईडब्ल्यूएसचा कागद निघाला तर तुमच्या बहिणीला जवळच्या कॉलेजची ट्यूशन फी पण शून्य आणि लांबच्याची पण शून्य. मग लांबचं महाग कसं पडतं ते आता बघा.

आमच्या घरी मी आणि काकानं पाटीवर हिशोब केला होता तो तसाच देते. जवळचं खाजगी कॉलेज, घरून जाऊन येऊन: कॉलेजची बस वर्षाला २२,०००, डेव्हलपमेंट फी आणि बाकीची किरकोळ फी मिळून १४,००० (ही माफ होत नाही), म्हणजे झाले ३६,०००. लांबचं सरकारी: बाकीची फी ६,०००, होस्टेल वर्षाचं ११,०००, मेस महिन्याला ३,१०० प्रमाणे दहा महिने म्हणजे ३१,०००, एकूण ४८,०००. फरक १२,००० चा, म्हणजे महिन्याला १,०००. आणि घरी राहिले असते तर घरी पण जेवलेच असते ना. वडील पाटीकडं बघत बसले आणि म्हणले एवढाच? आम्हाला सगळ्यांना वाटत होतं लाखाचा फरक असेल. कुणी कधी मांडूनच बघितलं नव्हतं.

तुमच्या तीन आणि तेरा कॉलेजांचा असाच हिशोब करा, आकडे वेगळे येतील पण मांडा. कॉलेजच्या साईटवर फीचा तक्ता असतो, त्यात ट्यूशन आणि डेव्हलपमेंट वेगळं दाखवलेलं असतं. एक खरं सांगते, होस्टेल पहिल्या वर्षी सगळ्यांना मिळेलच असं नाही, ते पण मेरिटवर असतं. नाही मिळालं तर बाहेर खोली घ्यावी लागते आणि तिथं आकडा वाढतो. ते पण गृहीत धरून ठेवा.

अजून एक, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागा. प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात, त्यांना ट्यूशन फी नसतेच, ८ लाखाच्या आतला कुठल्याही कॅटेगरीचा घेऊ शकतो. त्याचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी टी असतो. कटऑफ बहुतेक ठिकाणी ओपनपेक्षा वर जातो. पण फायदा असा की तिथं फी मुळातच लागत नाही, महाडीबीटीची, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या पैशाची, वाट बघत बसावं लागत नाही. हवं ते कॉलेज टी कोडनं पण टाका आणि खाली साध्या कोडनं पण टाका, दोन्ही लिहिता येतात.

खान्देशी_आई

बाळा सगळे फी माफ फी माफ म्हणतायत ते खरंच आहे पण माफ कधी होते ते पण विचार. माझ्या मुलीच्या वेळचं सांगते. सीट लागली, कागद सगळे बरोबर, आम्ही दोघी कॉलेजात गेलो तर काउंटरवर म्हणले पूर्ण फी आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की तुमच्या खात्यात येईल. कॉलेजचं नाव लिहीत नाही. मी म्हणलं साहेब जीआर निघालाय. तो म्हणाला जीआर आम्हाला पण माहितीये मॅडम, पैसे आले की बघू. रिपोर्टिंगला, म्हणजे कॉलेजात हजर होऊन सीट पक्की करायला, दीड दिवस राहिला होता, सीट जाईल या भीतीनं मी बचत गटातून ४०,००० उचलले, महिन्याला दोन टक्क्यानं, आणि उरलेल्याला भावानं पतसंस्थेतून काढून दिले. शिष्यवृत्ती आली, नाही असं नाही, पण दोन हप्त्यात आली आणि दुसरा हप्ता आला तेव्हा मुलीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. तोवर गटाचं व्याज मी गिरणीच्या पैशातून भरत होते.

नंतर कळलं की तक्रार करता येते. तंत्रशिक्षण सहसंचालकांचं विभागीय ऑफिस असतं, तुम्हाला सोलापूर जिल्ह्याला पुण्याचं लागेल. जे मागतात ते लेखी मागा, पावती घ्या, आणि मेल त्याच दिवशी करा. मी तोंडीच भांडत बसले, तिथं चुकले. आता धाकटीच्या वेळी जीआरची झेरॉक्स घेऊनच जाणार आहे.

आणि महाडीबीटीला बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, नुसतं केवायसी झालं म्हणजे जोडलं असं नाही, बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का असंच विचारा. आमचे पैसे आधी दुसऱ्याच जुन्या शून्य बॅलन्सच्या खात्यात जाऊन पडले होते, ते खातं दहावीला शाळेनं काढलेलं, आम्ही विसरूनच गेलो होतो. अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, विसरला की त्या वर्षाची फी अंगावर.

येण्याजाण्याची काळजी करू नको, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, लेक महिन्यातून एकदा घरी येऊन जाते.

चाकण_सेकंड_शिफ्ट

मी जरा वेगळं बोलणार आहे, कुणी राग मानू नका. ८ लाखाची रेघ फार क्रूर आहे. मी कंपनीत ऑपरेटर आहे, मागच्या वर्षी ओव्हरटाईम जास्त केला आणि बोनस धरून फॉर्म १६ वर ८ लाख २० हजार आले. पोराचं ईडब्ल्यूएस गेलं, टीएफडब्ल्यूएस गेलं, शाहू महाराज योजना गेली, सगळं एकदम. वर २० हजार कमावले आणि खाली वर्षाला ५० हजाराच्या वर फी अंगावर आली. माझ्या शेजारी ओबीसीतले नवराबायको दोघं शिक्षक आहेत, त्यांचा पगार माझ्या दुप्पट आहे, त्यांना नॉन क्रिमीलेयर मिळतं कारण तिथं पगार आणि शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही, नियम आहे तो आहे, पण ओपनमधल्याला पगार धरायचा ही गोष्ट मला पटत नाही. रेघेच्या जागी पायऱ्या पाहिजेत. आयआयटीत बघा, १ लाखाच्या आत पूर्ण ट्यूशन माफ आणि १ ते ५ लाखाला दोन तृतीयांश माफ, तिथं निदान एक पायरी तरी आहे.

बार्शीच्या भावाला सांगायचं तर तुम्ही रेघेच्या खूप आत आहात, हक्काचं आहे ते सोडू नका. कर्जाची वेळ आलीच तर सावकाराकडं जाऊ नका, पीएम विद्यालक्ष्मी म्हणून केंद्राची योजना आहे, निवडक संस्थांना तारण आणि जामीन न देता कर्ज मिळतं, ८ लाखाच्या आतल्यांना १० लाखापर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. कॉलेज त्या यादीत आहे का ते पोर्टलवर बघून घ्या.

सेतूवाला

@चाकण_सेकंड_शिफ्ट तुमचं दुःख खरं आहे, असे लोक माझ्याकडं दर आठवड्याला येतात आणि त्यातले काही म्हणतात काहीतरी करून ७ लाख ९० दाखव. मी करत नाही. खोटा दाखला उद्या पडताळणीत सापडला तर पोराचं ॲडमिशन रद्द होतं, तिसऱ्या वर्षात असलं तरी. आणि ती सीट ज्या हमालाच्या पोरीची होती तिला कुणी परत बोलवत नाही. पायऱ्या पाहिजेत हे मला पण पटतं. ८ लाखाची मर्यादा ओबीसीला २०१७ ला लागली, तिथून इतक्या वर्षात महागाई कुठच्या कुठं गेली.

सातारा_ते_मिशिगन

मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहते, इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये काम करते, म्हणून या विषयावर राहवलं नाही. इथली पद्धत पूर्ण वेगळी आहे, इथं मोठ्या खाजगी विद्यापीठांत श्रीमंतांच्या मुलांना खरोखर झुकतं माप मिळतं. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे काढून दाखवले, परीक्षेत सारखेच मार्क असले तरी वरच्या एक टक्का श्रीमंत घरातली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात त्या निवडक विद्यापीठांत पोचतात. माजी विद्यार्थ्यांची मुलं, खेळाडूंची भरती, शिफारसपत्रं, असं सगळं त्यात आलं. त्या मानानं सीईटीचा कॉम्प्युटर आडनाव बघत नाही ही मोठी गोष्ट आहे.

पण तुमच्या बहिणीनं वहीत जे केलं ते मात्र इथं आणि तिथं अगदी एक आहे. कॅरोलाईन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी या दोन अर्थतज्ज्ञांनी पाहिलं की गरीब घरातली खूप हुशार मुलं चांगल्या विद्यापीठांत नाकारली जातात असं नाही, त्यातली बहुतेक तिथं अर्जच करत नाहीत. आणि गंमत नाही, वाईट वाटतं सांगताना, त्या मुलांना मदत धरून ती मोठी विद्यापीठं जवळच्या साध्या कॉलेजपेक्षा स्वस्त पडली असती.

आमच्या इथल्या मिशिगन विद्यापीठानं २०१५ पासून एक प्रयोग केला. हुशार आणि गरीब मुलांच्या घरी एक मोठं रंगीत पाकीट पाठवलं, त्यात लिहिलं की तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षं ट्यूशन आणि फी माफ, नक्की माफ, त्यासाठी उत्पन्नाचे वेगळे फॉर्म भरायची गरज नाही. आईवडिलांना वेगळं पत्र, शाळेच्या मुख्याध्यापकांना वेगळं. आता बघा, त्या मुलांना एरवी पण बहुतेक तेवढीच मदत मिळालीच असती. नवीन पैसा जवळजवळ काही दिला नाही, नुसतं आधी आणि खात्रीनं सांगितलं. पाकीट न मिळालेल्यांत अर्ज करणारे २६ टक्के होते, पाकीट मिळालेल्यांत ६८ टक्के. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण पण दुपटीच्या वर गेलं.

खान्देशी ताईंचा अनुभव वाचला आणि हेच आठवलं. पैसे नंतर मिळतील आणि पैसे लागणारच नाहीत, सरकारी कागदावर दोन्हीला माफीच म्हणतात, पण ज्या घरात हातात २,००० पण शिल्लक नसतात तिथं त्या दोन वाक्यांत एका मुलीचं कॉलेज बदलतं. मला वाटतं बारावीचं वर्ष सुरू होतानाच शाळेतून प्रत्येक घरी असं एक पत्र जायला पाहिजे, मुलीचं नाव घालून, साध्या मराठीत. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री जेवणाच्या ताटावर बसून हा निर्णय कुणावर यायला नको.

निवृत्त_गुरुजी

सर्वांनी छान माहिती दिली आहे, मी थोडक्यात भर घालतो, हा धागा दुसरेही वाचतील म्हणून. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखापर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यावर असेल तर फ्रीशिप (फी माफी) आहे, म्हणजे उत्पन्न वाढलं म्हणून अर्ज करायचं सोडू नये. होस्टेल नाही मिळालं तर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात. बाकीच्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्यात अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना प्राधान्य आहे. बार्शीच्या मुला, तुझ्या वडिलांची माथाडी मंडळात नोंद आहे का ते बघ, आणि दोन एकर कोरडवाहू म्हणजे अल्पभूधारकाचा दाखलाही निघेल. दोन्ही काढून ठेव.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं काढली ती फी माफ करून भागत नाही, पोराला शहरात राहायला आणि जेवायला लागतं, हे ओळखूनच काढली. आमच्या वर्गातली किती मुलं तालुक्याला खोली मिळाली नाही म्हणून घरी बसली ती नावं मला अजून पाठ आहेत.

बार्शीचा_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काल तहसीलला जाऊन आलो. १९६७ वर अडलंच. आजोबा शाळेत गेलेले नव्हते. मग सेतूवाले दादा म्हणले तसं चुलत आजोबांचं बघितलं, गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो, मुख्याध्यापक बाईंनी कपाटातनं रजिस्टर काढलं, कडा सगळ्या वाळवीनं खाल्लेल्या. पान उलटायला त्या भीत होत्या. १९५४ सालची नोंद सापडली, शाईनं लिहिलेलं नाव, वय आणि पुढं धंद्याच्या रकान्यात शेती. उतारा घेतला, वंशावळ केली, अर्ज गेला, पावती हातात आहे. माथाडीची नोंद पण आहे वडिलांची, ते कार्ड आईच्या शिलाई मशीनच्या खणात होतं.

एक विचारायचं राहिलं, ते ऑटो फ्रीझ म्हणजे काय? ती म्हणते वर लांबची टाकली आणि तीच लागली तर मग घ्यावीच लागते का?

तिसरं_वर्ष_ईटीसी

हो दादा, हे नीट समजून घ्या. २०२५ च्या प्रवेशापासून पहिल्या राऊंडला पहिल्या क्रमांकाचं लागलं की ते घ्यावंच लागतं, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनातलं लागलं तर, आणि तिसऱ्याला पहिल्या सहातलं. नाही घेतलं तर पुढच्या राऊंडमधून बाहेर. म्हणून वर तीच टाका जी खरोखर हवीत, आणि ज्यांचा हिशोब मांडून झालाय. खर्चाला भिऊन जवळचं एक नंबरला टाकलं तर तेच लागणार आणि तिथंच अडकणार, मग खाली कितीही चांगली लिहिलेली असोत. आधी क्रम तिच्या मनाचा लिहा, नंतर एकेकाचा खर्च शेजारी लिहा, आणि खर्चापायी खरंच अशक्य असेल तेवढंच खाली घ्या. तिनं ते स्वतः करू देत, तुम्ही फक्त आकडे शोधून द्या.

ती मुलींच्या ३० टक्के जागांमध्ये पण धरली जाईल, त्यामुळं कटऑफच्या पीडीएफमध्ये एल नं सुरू होणारा ओपनचा रकाना आणि ईडब्ल्यूएसचा रकाना, दोन्ही बघा. ९५ ला कुठली ब्रँच कुठं लागू शकते ते त्यातनं बरंच कळतं.

बार्शीचा_दादा

काल रात्री बसलो सगळे. ताईंनी दिला तसा हिशोब केला, मी मोबाईलवर फीचे तक्ते काढत होतो आणि ती लिहीत होती. नवीन पानावर १६ च्या १६ नावं परत लिहिली तिनं, वर एक आणखी वाढवलं. पहिल्या चारात तीन सरकारी आहेत आणि एक अनुदानित. आमचा फरक महिन्याला १,४०० चा आला, होस्टेल मिळालं असं धरून. नाही मिळालं तर साधारण दुप्पट. वडलांनी आकडा दोनदा विचारला, मग म्हणले गट्टूचं काम पण सुटतं कधी कधी रविवारी, बघतो.

मग ती झोपायला गेल्यावर मला हळूच म्हणले, ते तुझ्या मोबाईलमधल्या पोरीला विचार, मेसला रविवारी रात्री जेवायला असतं का.

तिसरं_वर्ष_ईटीसी

नसतं दादा, रविवारी रात्री मेस बंद असते, बहुतेक सगळीकडंच. आम्ही घरून आणलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी ठेवतो त्या रात्रीला, महिनाभर टिकतात. काकांना सांगा काळजी करू नका, डब्यात शेंगाचटणी तेवढी जास्त द्या, आमच्या मजल्यावर सोलापूरकडची एक तरी मुलगी असतेच आणि तिच्या चटणीवर सगळ्या जेवतात. कडक भाकरी सुती कपड्यात बांधून द्यायच्या, प्लॅस्टिकमध्ये मऊ पडतात.